अशुद्धीकडे पाहायला लागणारा वेळ



नांदेड, धर्माबाद, बिलोली, भोकर या भागातली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेलंगणातल्या बासरच्या सरस्वती मंदिरात येत आली आहेत, ती लेकराला पहिलं अक्षर गिरवायला लावण्यासाठी. मला आज शिक्षणाच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलायचं आहे. त्याची पदवी झाली, पदव्युत्तर शिक्षण झालं, पीएचडी झाली किंवा होत आली, आणि आता विद्यापीठातल्या एका तात्पुरत्या पदावर तो किंवा ती रुजू झाली आहे. पदाच्या जाहिरातीत काम एका ओळीत सांगितलेलं असतं: अतिवाहक पदार्थांच्या स्फटिक रचनेचा अभ्यास. खाली मुदत, मानधन आणि अर्जाची शेवटची तारीख. सामान्य वाचक ही जाहिरात वाचून पान उलटतो, आणि त्याला दोष देता येणार नाही. पण पदार्थविज्ञानात आपण वारंवार उंबरठ्यापर्यंत जाऊन का थांबतो, या प्रश्नाचं उत्तर मला यंत्रांच्या यादीपेक्षा या जाहिरातीतल्या ‘मुदत’ या रकान्यात जास्त सापडतं. हे म्हणणं मी मुंबईत लागलेल्या एका शोधाच्या आधाराने मांडणार आहे, आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेपही टाळणार नाही.

आधी थोडं विषयाबद्दल. १९११ साली नेदरलंड्समधल्या लायडन इथे कामरलिंग ओनेस यांनी पारा द्रव हेलियमच्या तापमानापर्यंत थंड केला, आणि ४.२ केल्विनला, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअसला, त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. यालाच अतिवाहकता म्हणतात. तिचा उपयोग आज जिल्ह्याच्या गावीही होतो. दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रातलं चुंबक म्हणजे नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं असतं. द्रव हेलियमात ती तार अतिवाहक राहते, म्हणून तिच्यातून वाहणारा प्रवाह अडत नाही की तापत नाही. मात्र कोणता पदार्थ अतिवाहक होईल आणि किती तापमानाला होईल, हे त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत एवढ्यावरून सांगता येत नाही. अणू एकमेकांशेजारी कुठल्या क्रमाने, किती अंतरावर, कुठल्या थरात बसले आहेत, हे माहीत असावं लागतं. हीच स्फटिक रचना.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९८७ च्या सुरुवातीला मिळालं. आदल्या वर्षी झ्युरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडात अतिवाहकता दाखवली होती. आता अमेरिकेत इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं एक काळं संयुग ९३ केल्विनला अतिवाहक होताना दिसलं. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे या पदार्थापुरती महागड्या हेलियमची गरजच संपली. या संयुगाच्या एका एककात ऑक्सिजनचे जवळजवळ सात अणू असतात. तापवून त्यातला एक काढून घेतला आणि सहाच ठेवले, की तोच पदार्थ वीज वाहू देत नाही. मग जो गेला तो ऑक्सिजन कुठला होता? तांब्याच्या अणूंना एका ओळीत जोडणाऱ्या साखळीतला. हे कळायला क्ष-किरण अपुरे पडतात, कारण ते इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. बेरियमपाशी ५६ इलेक्ट्रॉन, ऑक्सिजनपाशी ८. जड शेजाऱ्याच्या उजेडात हलका अणू दिसेनासा होतो. न्यूट्रॉन मात्र अणुकेंद्रावरून विखुरतात आणि त्यांना ऑक्सिजन ठळक दिसतो. असे न्यूट्रॉन सहसा अणुभट्टीतून मिळवतात. आपल्याकडे १९८५ साली ट्रॉम्बेला सुरू झालेली ध्रुव ही अणुभट्टी आहे, आणि देशातल्या विद्यापीठांतले संशोधक तिथे नमुने घेऊन जातात. एवढ्यावरून लक्षात येईल की रचना शोधणं म्हणजे यंत्रात पूड टाकून उत्तर वाचणं नव्हे. कुठला प्रश्न कुठल्या किरणांना विचारायचा, ही समज माणसाला यावी लागते, आणि ती वर्षांनी येते.

आता मुंबईची गोष्ट. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक गट दुर्मिळ मृदा धातू, निकेल आणि बोरॉन यांच्या मिश्रधातूंचा अभ्यास करत होता. त्यांची आस्था मुख्यतः चुंबकत्वात होती. इट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या एक-चार-एक प्रमाणातल्या मिश्रधातूच्या नमुन्यांत १२ केल्विनच्या आसपास अतिवाहकतेची अगदी क्षीण खूण दिसली. ही खूण कशी दिसते हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. घटक तोलून, आर्गॉन वायूत, पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या बैठकीवर विजेच्या ज्योतीने वितळवतात. तयार झालेला लहानसा गोळा उलटवून पुन्हा वितळवतात, असं अनेकदा, म्हणजे आतून बाहेरून तो सारखा व्हावा. मग निर्वात केलेल्या क्वार्ट्‌झच्या नळीत घालून भट्टीत कित्येक दिवस तापवतात. त्याचा एक तुकडा अगेटच्या खलात कुटून पूड करतात आणि तिच्यावर क्ष-किरण सोडतात. कागदावर रेषांची एक रांग उमटते. बहुतेक रेषा अपेक्षित रचनेशी जुळतात. दोन-चार बारीक रेषा जुळत नाहीत. त्यांना अशुद्धी म्हणायचं आणि पुढे जायचं, हा शिरस्ता आहे, आणि नव्याण्णव वेळा तो बरोबरच असतो. या गटाने ती खूण टाकून दिली नाही. अतिवाहक होणारा भाग फार थोडा आहे, म्हणजे तो दुसराच कुठलातरी पदार्थ आहे. मग तो कोणता, आणि कशामुळे तयार होतो? शोध घेताना लक्षात आलं की नमुन्यात कळत-नकळत आलेला कार्बन महत्त्वाचा आहे. कार्बन मुद्दाम घातल्यावर अतिवाहकता सगळ्या नमुन्याची झाली. १० जानेवारी १९९४ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ च्या अंकात आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकीर हुसेन, एस. के. धर, के. व्ही. गोपालकृष्णन, एल. सी. गुप्ता, सी. गोदार, बी. डी. पाडलिया आणि आर. विजयराघवन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. निकेलसारख्या धातूचं प्रमाण मोठं असलेल्या मिश्रधातूत १२ केल्विनला अतिवाहकता सापडावी, हे त्या वेळच्या समजुतीला धक्का देणारं होतं, कारण निकेल म्हटलं की चुंबकत्व आठवतं, आणि चुंबकत्व हा अतिवाहकतेचा वैरी मानला जातो.

या नावांच्या यादीकडे परत एकदा पाहू या. पाडलिया पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक, गोदार फ्रान्सचे, बाकीचे बहुतेक टाटा संस्थेचे, आणि त्यांच्यासोबत तरुण संशोधक विद्यार्थी. मजुमदार पुढे कोलकात्याच्या साहा संस्थेत आणि हुसेन कानपूरच्या आयआयटीत याच क्षेत्रात काम करत राहिले. त्या क्षीण खुणेचा पाठलाग करायचा तर रोज भट्टी लावणारा, रोज तोलणारा आणि ‘हे कशामुळे?’ असं रोज विचारणारा माणूस हवा होता. त्याच्या डोक्यावर दर सहा महिन्यांनी मुदतवाढीची टांगती तलवार असती, तर त्याने शिरस्त्याप्रमाणे त्या रेषांना अशुद्धी म्हटलं असतं. मला या शोधात सर्वांत मोलाची वाटते ती त्या तरुणांना मिळालेली उसंत.

पण ही गोष्ट इथेच संपत नाही, आणि तिचा उरलेला भाग मला जास्त अस्वस्थ करतो. नेमका कुठला पदार्थ अतिवाहक होतो आहे, त्याची रचना काय, हे त्याच महिन्यात अमेरिकेत न्यू जर्सीच्या बेल प्रयोगशाळेतून कळलं. रॉबर्ट कावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलऐवजी पॅलेडियम वापरून २३ केल्विन गाठले. १९७३ पासून मिश्रधातूंमध्ये नायोबियम-जर्मेनियमच्या नावावर असलेल्या विक्रमाच्या जवळपास बरोबरीचा हा आकडा. ल्युटेशियमच्या संयुगाचं तापमान १६.६ केल्विन निघालं. आणि थिओ सीग्रिस्ट यांच्या गटाने त्याची स्फटिक रचना निश्चित केली: निकेल आणि बोरॉनचे थर, त्यांच्या मध्ये ल्युटेशियमचे थर, आणि कार्बन त्या ल्युटेशियमच्या थरात जाऊन बसलेला. थोरियम-क्रोमियम-सिलिकॉनची एक जुनी, ओळखीची रचना आणि तिच्या रिकाम्या जागी एक जादा कार्बन. ल्युटेशियमपाशी ७१ इलेक्ट्रॉन, कार्बनपाशी ६. हलका अणू पुन्हा एकदा जड शेजाऱ्याआड लपला होता. रचना कळल्याबरोबर चित्र पालटलं. ल्युटेशियमच्या जागी होल्मियम, अर्बियम, डिस्प्रोशियम घातले की तेच स्फटिक एकाच वेळी चुंबकीयही होतात आणि अतिवाहकही. होल्मियमचं संयुग तर सुमारे ८ केल्विनला अतिवाहक होऊन ५ केल्विनजवळ ती शक्ती जवळजवळ गमावतं आणि आणखी थंड केल्यावर परत मिळवतं. दोन वैऱ्यांचं हे सहजीवन तपासायला जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा पुढची अनेक वर्षं राबल्या. दार मुंबईने उघडलं. आतला नकाशा काढणारे हात मात्र न्यू जर्सीत होते, कारण तिथे पदार्थ घडवणारे आणि रचना उकलणारे एकाच प्रयोगशाळेत, कायम पदावर, वर्षानुवर्षं शेजारी बसत होते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की रचनेला मी नको तेवढं महत्त्व देतो आहे. आक्षेप पोकळ नाही, आणि त्याच्या बाजूचा पुरावा मीच सांगतो. मॅग्नेशियम डायबोराइड या साध्या संयुगाची रचना १९५० च्या दशकापासून ठाऊक होती. रसायनांच्या दुकानांत ते बाटलीत विकत मिळे. तरी ते ३९ केल्विनला अतिवाहक होतं हे जपानचे जुन आकिमित्सु यांच्या गटाला २००१ साली कळलं. जवळजवळ अर्धं शतक रचना हाती असून कोणाला त्या पदार्थातली अतिवाहकता दिसली नाही. म्हणजे रचना माहीत असणं पुरेसं नाही, हे मला मान्य आहे. पण या उदाहरणातून निघतो तो निष्कर्ष माझ्या मुद्द्याला धरूनच आहे. रचना शोधणाऱ्याच्या टेबलाशेजारी अतिवाहकता तपासणारा नव्हता, आणि तपासणाऱ्याला रचनांच्या कपाटात डोकावायची सवड नव्हती. दोन्ही कामं जाणणारं माणूस घडायला पाच-सात वर्षं लागतात, आणि आपली पदं दोन-तीन वर्षांत संपतात.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा: हे सगळं आता संगणक करेल. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गूगल डीपमाइंडने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने २२ लाख नव्या स्फटिकांचं भाकीत जाहीर केलं, त्यातले ३ लाख ८० हजार सर्वांत टिकाऊ म्हणून निवडले. त्याच सुमारास बर्कलीच्या स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ४१ नवे पदार्थ तयार केल्याचं सांगितलं. ही कामगिरी लहान नाही आणि तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. पण बर्कलीच्या त्या पदार्थांचे क्ष-किरण आलेख जेव्हा रचनाशास्त्राच्या जाणकारांनी, लंडनचे रॉबर्ट पालग्रेव्ह आणि प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप यांनी, स्वतः तपासले, तेव्हा त्यांना त्यातला एकही पदार्थ नवा म्हणण्याजोगा वाटला नाही. बरेचसे आधीच माहीत असलेले निघाले. संगणकाने दोन धातूंना ठरावीक वेगवेगळ्या जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात ते एकाच जागेवर सरमिसळ बसतात, आणि तो सरमिसळीचा पदार्थ जुनाच होता. असे आलेख रचनेशी जुळवून पाहण्याची रीटव्हेल्ट यांनी १९६९ साली मांडलेली पद्धत आज कोणत्याही संगणकावर चालते, आणि आकडे जुळवून देते. जुळलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवणारं माणूस जाहिरातीतल्या त्या तात्पुरत्या पदावर बसलेलं असतं.

अशा माणसाची गरज समाजाला कधी पडते, हे २०२३ च्या जुलैत दिसलं. दक्षिण कोरियातून एलके-९९ नावाच्या पदार्थाची बातमी आली: शिसं, फॉस्फेट आणि थोडं तांबं, आणि म्हणे साध्या तापमानाला, अगदी १२७ अंश सेल्सिअसपर्यंत, अतिवाहक. जगभर खळबळ उडाली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत वीरपाल सिंह आवना यांच्या गटाने दोन आठवड्यांच्या आत तो पदार्थ बनवून पाहिला आणि त्यात अतिवाहकता दिसत नाही असं सांगितलं. पुढे चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की विद्युतरोधातली ती मोठी घसरण नमुन्यातल्या कॉपर सल्फाइड या अशुद्धीची आहे. तापवल्यावर तिची स्फटिक रचना पालटते, तेवढीच ती गोष्ट. जर्मनीत शुद्ध स्फटिक वाढवले गेले तेव्हा ते जांभळट, पारदर्शक आणि विद्युतरोधक निघाले. मुंबईत अशुद्धीतून शोध लागला, इथे अशुद्धीने फसवलं, आणि दोन्हीकडे निवाडा रचनेनेच केला. दिल्लीच्या त्या प्रयोगशाळेला इतक्या लवकर उत्तर का देता आलं? तिथे अतिवाहकतेचं काम कित्येक दशकांचं आहे, आणि ते उभारण्यात अनंत नारळीकर यांचा मोठा वाटा आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचे हे धाकटे बंधू. थोरल्या भावाच्या आकाशाने मराठी वाचकाला भुरळ घातली ते योग्यच झालं, पण धाकट्या भावाने अतिवाहकतेवर लिहिलेली आणि संपादित केलेली ग्रंथसंपदा जगभरच्या प्रयोगशाळांच्या फडताळांत आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. टाटा संस्था आहे, बंगळुरूची विज्ञान संस्था आहे, आयआयटी आहेत. साध्या विद्यापीठाने या भानगडीत का पडावं? याचं उत्तर याच तेलंगणात आहे. हैदराबाद विद्यापीठात गौतम देसिराजू यांनी तीन दशकं सेंद्रिय स्फटिकांच्या रचनेवर काम केलं, आणि स्फटिक अभियांत्रिकी या शाखेचं नाव काढताना जग त्या विद्यापीठाचं नाव घेऊ लागलं. त्याच विद्यापीठात पदव्युत्तर वर्गही भरत होते. संशोधन संस्थेत आधीच निवडून आलेले थोडे विद्यार्थी पोहोचतात. विद्यापीठात बी.एस्सी.च्या मुलीला जिन्यावरून जाता-जाता भट्टी दिसते आणि आत काय चाललं आहे हे ती विचारू शकते. शिवाय महागडी यंत्रं सामायिक वापरता येतात. ध्रुव आहे, आणि मराठी माणसाला परकं नसलेल्या इंदूरला इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे, तिथे तीव्र क्ष-किरणांच्या स्वतंत्र शलाका आहेत. यंत्रं देशात आहेत. त्यांच्याकडे योग्य प्रश्न घेऊन जाणाऱ्या माणसाचं विद्यापीठातलं आसन डळमळीत आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. सरकारी नियमाप्रमाणे २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्राला महिना ३७ हजार, आणि पीएचडीनंतरच्या संशोधन सहयोगीला सुरुवातीला ५८ हजार रुपये व घरभाडे मिळतं. घरभाडं सोडलं आणि सुरुवातीचाच दर धरला तर एका सहयोगी पदाचा पाच वर्षांचा खर्च ३५ लाखांच्या आत बसतो. क्ष-किरण विवर्तनाचं एक चांगलं यंत्र कोटीच्या घरात जातं, आणि त्याच्या खरेदीला मंजुरी मिळवणं पद भरण्यापेक्षा सोपं असतं, हे विद्यापीठात वावरणारा कोणीही सांगेल. यंत्राचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. माणसाच्या पाच वर्षांचा फोटो निघत नाही. दवाखाने आणि पाणी आधी, असं जे म्हणतात त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पण २०२०-२१ मध्ये देशाने आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या शंभर रुपयांमागे संशोधनावर ६४ पैसे खर्च केले, आणि त्यातला विद्यापीठांच्या वाट्याला येणारा हिस्सा तुटपुंजा आहे. दवाखान्यातलं एमआरआयचं यंत्र आपण बहुतेक वेळा बाहेरून विकत आणतो, तेव्हा त्यातल्या तारेच्या ज्ञानाची किंमतही मोजतोच.

म्हणून माझी सूचना नेमकी आहे, आणि ती या गावासाठी आहे. बासरच्या राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठात २००८ पासून खेड्यापाड्यांतली मुलं दहावीनंतर सहा वर्षांच्या शिक्षणासाठी येतात, आणि इथे धातू व पदार्थ अभियांत्रिकीची शाखा आहे. बासरवरून जाणाऱ्या लोहमार्गावरच नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. मुंबईचा तो निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ ला, ते स्थापन झालं. या दोन विद्यापीठांनी मिळून एक पद निर्माण करावं. राज्यं दोन असली तरी नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने मोठ्या संस्थांशी विद्यापीठं जोडण्याची योजना आखली आहे, त्यामुळे मार्ग बंद नाही. पदाची मुदत पाच वर्षांची, सलग, मधे मुलाखत नाही. फक्त तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कामाचा आढावा. त्या माणसाकडे आठवड्यातून एक तासिका, जास्त नाही, आणि परीक्षेची कामं मुळीच नाहीत. भट्टी आणि पुडीचा क्ष-किरण आलेख इथे. कमी तापमानाची मोजमापं हैदराबाद-मुंबईत. वर्षातून एक फेरी ध्रुवला किंवा इंदूरला, तिचा खर्च आधीच मंजूर. बोरॉनच्या संयुगांपासून सुरुवात करायची असेल, तर अंदाजपत्रकात एक गोष्ट विसरू नये. नैसर्गिक बोरॉनमधला सुमारे पाचवा हिस्सा बोरॉन-१० चा असतो आणि तो न्यूट्रॉन गिळून टाकतो, म्हणून ध्रुववर न्यायच्या नमुन्यांसाठी बोरॉन-११ वेगळा विकत घ्यावा लागतो. तो महाग आहे आणि मागवल्यावर यायला वेळ लागतो, तेव्हा त्याची मागणी पद भरलं त्याच महिन्यात नोंदवावी.